तान्ह्या पोळ्यासाठी लॅपटॉपवर मिक्सिंग : आजाच्या झडत्या, धुमाल आणि न जुळणारा ठेका

वावरवाला
१९ जुलै, रात्री १०:१२

रामराम मंडळी. मी राळेगाव तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. दिवसा कृषी केंद्राच्या काउंटरवर असतो आणि रात्री जेवण झालं की कोठ्याला लागून असलेल्या खोलीत गाणी जोडत बसतो. धंदा नाही, आवड आहे. आतापर्यंत मोबाइलवरच करायचो. दोन महिन्यांपूर्वी चुलतभावाचा जुना लॅपटॉप मिळाला, चार जीबी रॅमवाला, आणि त्याच्यावर मिक्स्स नावाचं गाणी जोडायचं सॉफ्टवेअर टाकलं. इंग्रजीत शेवटी तीन एक्स लिहितात ते. फुकट आहे आणि आतला कोडही सगळ्यांसाठी मोकळा आहे.

आमच्याकडे तान्हा पोळा शाळेसमोरच्या पटांगणात भरतो. लेकरं लाकडी बैल सजवून आणतात, रांगेत लावतात, मग त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, वाटतात. दरवर्षी कोणीतरी पेनड्राइव्ह लावून देतं आणि तीच दहा गाणी संध्याकाळपर्यंत फिरत राहतात. यंदा पोरांनी मला सांगितलं, तू लाव.

माझ्या मनात वेगळंच आहे. माझा आजा झडत्या, म्हणजे पोळ्यातली सवाल-जवाबाची कवनं, म्हणतो. वय एक्याऐंशी, पण त्याने "हर बोला" म्हटलं की अख्खी पोळ्याची रांग उत्तर देते. त्याच्या अकरा झडत्या मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत. शेजारच्या गावात धुमाल पार्टी, म्हणजे ढोल वाजवणारा ताफा, आहे, त्यांना विचारून त्यांचं वीस मिनिटांचं वाजवणंही घेतलं. खाली धुमालचा ठेका आणि वर आजाची झडती, असं काहीतरी करायचं आहे.

पण अडून राहिलो. सॉफ्टवेअरमध्ये दोन डेक असतात, एकेका डेकवर एक गाणं चालते. धुमालच्या डेकवर आणि दुसऱ्या गाण्यावर सिंक, म्हणजे ठेका आपोआप जुळवायचं बटण, दाबलं की पहिले दोन-तीन सेकंद बरोबर चालते, मग एका जुवाले लावलेले दोन बैल दोन दिशांनी ओढतात तसं होते. दुसरं म्हणजे काकाच्या जुन्या ॲम्प्लिफायरले लॅपटॉप जोडला तर वाजंत्री ऐकू येते आणि गाणाऱ्याचा आवाजच गायब. हेडफोनमध्ये तोच आवाज नीट आहे. आणि मधूनमधून चरचर येते, तेलात मोहरी टाकल्यासारखी. पाच आठवडे आहेत हातात. कोणाला काही माहीत असेल तर सांगा.

जुना_कर्णा
१९ जुलै, रात्री ११:०५

गाणाऱ्याचा आवाज गायब होते ना, त्यात सॉफ्टवेअरची काही चूक नाई. ते पिनचं काम आहे. हिंगणघाटकडे तीस वर्सं साउंड सर्व्हिस केली मी, हे हजार वेळा पाह्यलं.

लॅपटॉपची पिन स्टिरिओ असते. तिच्यावर दोन काळ्या रेघा पाह्यजो : टोक डावा आवाज, मधलं कडं उजवा, आन बूड अर्थिंग. तू तेच वायर मोठी पिन लावून माइकच्या नाही तं लाइनच्या बॅलन्स इनपुटात टाकलं असन. बॅलन्स इनपुट दोन तारांतला फरक घेते. डाव्यातून उजवा वजा करते. गाणारा तं दोन्हीकडे सारखाच रेकॉर्ड केलेला असते, म्हणून तो वजा होऊन शून्य होते. ढोलकीचा जाड आवाजही मधात असते, तोही जाते. बाजूबाजूची वाजंत्री तेवढी उरते.

बाजारातून एका स्टिरिओ पिनीच्या दोन मोनो पिना होतात तसं वायर आण. एक पिन एका चॅनलले, दुसरी दुसऱ्याले. स्पीकर मोनोच असन तरी दोन चॅनल वापर. सोल्डर मारता येत असन तं घरीच बनव. मी घरीच बनवतो, बाजारातल्या वायरची पिन दोन कार्यक्रमांत ढिली होते.

बाकी कम्प्युटरचं मले कमी समजते, ते पोरं सांगतीन.

पुण्यातला_वऱ्हाडी
२० जुलै, सकाळी ८:३१

जुना कर्णा काकांनी सांगितलं ते शंभर टक्के. चरचरीबद्दल मी लिहितो. मूळचा दारव्ह्याचा आहे, इथे सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि मिक्स्स गेली सहा वर्षं घरी वापरतोय.

लॅपटॉप आवाज सलग धारेने पाठवत नाही, तुकड्यातुकड्यांनी पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. १,०२४ नमुन्यांचा तुकडा धरला तर तो सुमारे २३ मिलिसेकंदांचा होतो. पुढचा तुकडा तेवढ्या वेळात तयार झाला नाही की मध्ये पोकळी पडते, तीच तुझी चरचर. साउंड हार्डवेअरच्या सेटिंगमध्ये बफर, म्हणजे एका तुकड्याची लांबी, ४६ मिलिसेकंदांच्या आसपास ठेवून बघ. तिथेच किती वेळा तुकडा उशिरा आला त्याचा आकडा दिसतो. पंधरा मिनिटं गाणी वाजवायची आणि तो आकडा वाढतो का ते बघायचं. बफर वाढवला की बटण दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येतो, पण तुझ्या कामाला ते चालून जाईल.

आणखी तीन गोष्टी. वायफाय आणि ब्राउझर बंद. सगळ्या गाण्यांचं ॲनालिसिस, म्हणजे सॉफ्टवेअरने वेग आणि ठोके शोधून ठेवणं, आदल्या रात्रीच उरकून घे, वाजवताना ते काम लॅपटॉपवर पडू देऊ नको. आणि कीलॉकसाठी, म्हणजे वेग बदलला तरी सूर तोच ठेवण्यासाठी, दोन इंजिनं आहेत, रबरबँड आणि साउंडटच. रबरबँडचा आवाज जास्त चांगला पण प्रोसेसरला जड. चार जीबीच्या जुन्या मशिनवर साउंडटच घे. ब्लूटूथ स्पीकरवर सराव करत असशील तर तो आजच थांबव. ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद तरी मागे राहतो, बोट आणि कान यांचा मेळच बसत नाही.

हेडफोनमध्ये पुढचं गाणं आधी ऐकायची सोय केली आहेस का? लॅपटॉपला एकच जॅक असतो. साधं यूएसबी साउंडकार्ड घे. स्पीकरकडे जाणारा मुख्य आवाज त्यातून काढ आणि हेडफोन लॅपटॉपच्या जॅकला लाव.

खंजिरीवाला
२० जुलै, दुपारी १:५०

मी गुरुकुंज मोझरीकडचा, भजन मंडळात खंजिरी वाजवतो. तुमचा उत्साह चांगला आहे, पण मनातलं सांगतो. पोळ्यात डीजे नको. मागच्या तीन-चार वर्षांत आमच्या भागात पोळ्याच्या रांगेत डीजेची गाडी उभी राहायला लागली आणि झडत्या म्हणणारे म्हातारे एक एक करून मागे सरकले. त्यांच्या आवाजाला जागाच उरली नाही. बैल बुजतात ते वेगळंच. झडती म्हणजे सवाल-जवाब असतो. एक जण म्हणतो, दुसरा त्याला उत्तर देतो, आणि शेवटी सगळे मिळून "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव". त्याखाली ठेका घातला तर तो सवाल-जवाब राहील का, याचा विचार करा.

वावरवाला
२० जुलै, रात्री ९:४०

खंजिरीवाले दादा, तुमचं बोलणं लागलं, पण पटलंही. म्हणूनच मी गाडी आणत नाही आहे. दोन लहान स्पीकर, तेही तान्ह्या पोळ्याला, जिथे खरे बैल नसतात. मोठ्या पोळ्याला मी काहीच लावणार नाही. पण माझं भेव उलटं आहे. आमच्या गावात आता झडत्या म्हणणारे तिघेच उरले. लेकरांनी त्या कानावर पडून पाठ कराव्यात म्हणून हा खटाटोप आहे. ठेका असला तर पोरं थांबून ऐकतीन असं वाटते मला. चुकत असेन तर सांगत राहा.

कर्णा काका, वायर बनवलं. आवाज आला! माझ्या काकाचा ॲम्प्लिफायर चार वर्षांपासून पोत्यात गुंडाळून पडला होता, तो वाजला तेव्हा माय स्वयंपाक सोडून बाहेर आली.

चरचरही गेली. बफर ४६ वर ठेवला, आकडा शून्यावरच आहे. आता उरला तो सिंक.

झाडीचा_पेटीवाला
२१ जुलै, रात्री १२:२०

मी देसाईगंजकडचा. झाडीपट्टीच्या नाटकांत हार्मोनियम वाजवतो, दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की रात्र रात्र बसावं लागतं. सॉफ्टवेअर मला येत नाही, पण तुमच्या धुमालचं काय होतंय ते न बघता सांगतो. ती पार्टी चढत गेली असेल.

जिवंत वाजवणारा माणूस लय एका जागी ठेवत नाही, आणि ठेवूही नये. लोक नाचायला लागले की तो चढतो. दमला की किंचित उतरतो. गायक पुढच्या ओळीआधी श्वास घेतो तिथे तबलजी एक मात्रा मोठी करतो, कोणालाही न सांगता. मुंबईतल्या स्टुडिओचं गाणं मेट्रोनोमवर, म्हणजे सारखे ठोके देणाऱ्या यंत्रावर, बांधलेलं असतं. तुम्ही या दोघांना एका दोरीला बांधायला निघालात. तुमचं रेकॉर्डिंग सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही ठिकाणी मिनिटाला किती ठोके होतात ते मोजून सांगा.

वावरवाला
२१ जुलै, रात्री १०:३३

पेटीवाले दादा, मोजलं. सॉफ्टवेअरमध्ये बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला किती ठोके त्याच्या, आकड्यावर ठेक्याबरोबर टिचक्या मारल्या की तो मोजून देतो. सुरुवातीला ११२. शेवटी १२६. आणि सॉफ्टवेअरने स्वतःहून संपूर्ण रेकॉर्डिंगला ११९ लावून ठेवलं होतं.

पुण्यातला_वऱ्हाडी
२१ जुलै, रात्री ११:१५

मग गणित उघड आहे. ११९ हा सरासरी आकडा. त्याच्यावर सगळीकडे सारख्या अंतराच्या रेघा आखल्या, त्याला बीटग्रिड म्हणतात. सुरुवातीला खरा वेग ११२, म्हणजे मिनिटाला सात ठोक्यांचा फरक. सव्वाचार सेकंदांत अर्धा ठोका सरकला. तुला दोन-तीन सेकंद बरोबर वाटलं आणि मग बैल फाकले ते यामुळेच. सिंक त्या रेघा जुळवतं. ढोलावर काठी कुठे पडली ते त्याला वेगळं कळत नाही.

दोन उपाय आहेत. बीट ओळखण्याच्या सेटिंगमध्ये वेग कायम एकच धरायचा असा एक चौकोन आहे, त्यातली खूण काढ आणि त्या फाइलचं ॲनालिसिस पुन्हा कर. मग ते जिथे ठोका सापडेल तिथे रेघ मारतं. त्यानंतर सिंकमध्ये धुमालला पुढे ठेव, म्हणजे लीडर कर, आणि दुसरं गाणं त्याच्या मागे चालू दे. उलटं करशील तर धुमालच ताणली जाईल आणि तिचा जीव जाईल.

मला मात्र दुसरा उपाय जास्त आवडतो. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या वीस मिनिटांचे पाच-सहा तुकडे कर. जिथे लय बऱ्यापैकी टिकून आहे तिथून तिथपर्यंत एक तुकडा. प्रत्येकाचा वेग वेगळा लाव. आणि सिंक बंद करून हाताने जुळवायला शिक. वेगाची पट्टी सरकवून, कानाने. सिंकचं बटण नंतर आलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ साली डीजे कूल हर्क पार्ट्या करायला लागला तेव्हा त्याच्याकडे दोन टर्नटेबल होते आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती. नाचणाऱ्यांना आवडणारा नुसत्या ठेक्याचा तुकडा एकीवर संपला की दुसरीवर तोच पुन्हा सुरुवातीपासून. तुला धुमालचा उठाव लांबवायचा असेल तर हेच कर : तीच फाइल दोन्ही डेकवर टाक. कीबोर्डवर डी दाबलं की डावा डेक चालतो-थांबतो, एल दाबलं की उजवा. जी आणि एच ने क्रॉसफेडर, म्हणजे एका डेकवरून दुसऱ्यावर आवाज नेणारी पट्टी, सरकतो. कंट्रोलर (बटणांची वेगळी पेटी) विकत घ्यायची अजिबात घाई करू नको.

भुलाबाईची_सखी
२३ जुलै, दुपारी ४:०५

मी वर्धा जिल्ह्यात शिक्षिका आहे. भुलाबाईच्या गाण्यांचा आणि नवरात्रातल्या गरब्याचा आमच्या महिला मंडळाचा कार्यक्रम असतो, तिथे गेली दोन वर्षं मीच हे सॉफ्टवेअर लावते. धागा वाचून फार बरं वाटलं, कारण मला हे सांगणारं कोणी नव्हतं.

एक भर घालते. भुलाबाईची बरीच गाणी दादऱ्याच्या अंगाने चालतात, सहा मात्रा, तीन-तीनचा झोका. सॉफ्टवेअरला तीनचा झोका लवकर उमगत नाही. माझ्या एका गाण्याला टाळी पडते मिनिटाला ९६ वेळा आणि ते दाखवत होतं १४४. म्हणजे बरोबर दीडपट. गाण्यावर उजवी क्लिक केली की बीपीएमच्या यादीत निमपट, दुप्पट आणि दोन-तृतीयांश असे पर्याय येतात. दोन-तृतीयांश घ्या, १४४ चे ९६ होतात. हे कळायला मला एक अख्खं नवरात्र लागलं.

त्यानंतर केरव्याचं, म्हणजे आठ मात्रांचं, गाणंही ९६ वर आणून जोडलं. आकडे जुळले, टाळीही जुळली, पण ऐकायला कसंतरीच. टाळीच्या पोटात एकीकडे तीन भाग आणि दुसरीकडे चार. बायकांची पावलं अडखळली. तेव्हापासून मी दादरा आणि केरवा एकमेकांवर चढवत नाही. एकाचा खालचा जाड आवाज इक्वलायझरने पूर्ण काढते, समेवर थांबवते, आणि दुसरं समेवरच सुरू करते. मधे एका श्वासाची शांतता राहिली तरी चालते.

वावरवाला
३ ऑगस्ट, रात्री १०:५०

दहा-बारा दिवस लिहिता आलं नाही. पाऊस उघडला की खताची गर्दी होते, केंद्रातून घरी यायला नऊ वाजतात.

धुमालचे सहा तुकडे केले, प्रत्येकाचा वेग लावला. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, सॉफ्टवेअरच्या बटणाने न घेता सुरुवात आणि शेवट दोन्ही कानाने लावले, कारण आपोआप लागणारा लूप पुन्हा त्या रेघांवरच बसतो. आता धुमाल आणि गाणं हाताने जुळवता येते. पट्टी जराशी सरकवायची, डोळे मिटायचे, ढोल पुढे पळून राहिला की मागे राहून राहिला ते ऐकायचं. पहिल्या आठवड्यात जमत नव्हतं. आता दहातून सात वेळा जमते.

झडतीचं मात्र बिघडलं. काल आजाला खोलीत बाजेवर बसवलं, हेडफोन लावून दिले आणि ऐकवलं. मी त्याच्या झडतीची ओळ न् ओळ कापून ठेक्यावर बसवली होती. जिथे तो लांबवतो तिथे आखूड केली, जिथे थांबतो तिथली जागा भरून काढली. माझ्या मते झकास झालं होतं. आजाने पूर्ण ऐकलं, हेडफोन काढले, कानामागे बोट फिरवलं आणि म्हणाला, "हा माहा आवाज आहे, पन मी नोहोय. मी इथं थांबतो. तू मले थांबू देलं नाई."

मग त्याने तीच झडती समोर बसून म्हणून दाखवली. तिसऱ्या ओळीनंतर तो थांबला. माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि मग शेवटचा शब्द टाकला. तेवढ्या वेळात माझ्या तोंडून आपोआप "हर बोला" निघालं. मी रेकॉर्डिंगमधून नेमकी तीच जागा कापून टाकली होती.

आता काय करावं ते सुचत नाही.

खंजिरीवाला
४ ऑगस्ट, सकाळी ६:२५

तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा.

आम्ही भजनात काय करतो ते सांगतो. गाणारा अभंगाचा अर्थ सांगायला लागला की खंजिरी थांबते. पूर्ण थांबते, नुसती हळू होत नाही. बोटं चामड्यावर टेकलेली असतात, पण आवाज नसतो. त्याने ध्रुपद उचललं की मग आम्ही पडतो. कधी पडायचं ते त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. तुम्हीही तसंच करा. झडती चालू असताना ठेका बंद. "हर हर महादेव" झालं की धुमालचा उठाव. मग त्या सवाल-जवाबात तुमचा लॅपटॉप एक उत्तर देणारा होईल. तसा असेल तर माझी हरकत नाही, उलट मी ऐकायला येईन.

झाडीचा_पेटीवाला
४ ऑगस्ट, रात्री ११:४०

खंजिरीवाल्यांनी लाखातलं सांगितलं. नाटकात संवाद चालू असताना आम्ही पेटीवरून हात काढतो. नट शेवटचा शब्द टाकतो त्यावर सूर पडला पाहिजे. अर्धा क्षण आधी पडला तर शब्द मरतो, उशिरा पडला तर टाळी मरते. हे सरावानेच येतं. आजोबांना रोज एक झडती म्हणायला लावा आणि बटणावर बोट ठेवून बसा.

पुण्यातला_वऱ्हाडी
५ ऑगस्ट, सकाळी ९:१०

तांत्रिक बाजू : उठावाच्या पहिल्या ठोक्यावर हॉटक्यू, म्हणजे दाबताच तिथूनच वाजायला लागेल अशी खूण, लाव. अगदी ठोक्यावर, लहरीचं चित्र मोठं करून बघ. आणि क्वांटाइझ बंद कर, नाहीतर तू दाबलेलं बटण रेघांशी जुळवून घेतलं जाईल. तुला ते आजोबांशी जुळवायचंय.

जुना_कर्णा
१२ ऑगस्ट, रात्री १०:००

आता कार्यक्रमाच्या गोष्टी ऐक, दिवस जवळ आले.

लाउडस्पीकर दिवसाही लावायचा असन तं लेखी परवानगी लागते. ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. पोलीस स्टेशनले अर्ज आताच दे. रात्री दहा ते सकाळी सहा बंद. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. पंचावन म्हणजे लय कमी असते बाबा, दोन माणसं बोलतात त्याच्याच जवळपास. म्हणून स्पीकर घरांकडे तोंड करून ठेवजो नोको. लेकरांच्या रांगेकडे, जरा खाली वाकवून ठेव. लहान लेकरांपासून दूर ठेवजो, त्यांचे कान नाजूक असतात.

सॉफ्टवेअरमधी लाल लाइट लागू देऊ नोको. आवाज कमी पडला तं ॲम्प्लिफायरवर वाढव, लॅपटॉपमधी नाई. लाल झालं म्हणजे लहरीचं डोकं कापलं गेलं, आन त्या कापलेल्या आवाजानं पहिले ट्विटर, म्हंजे बारीक आवाजाचा लहान स्पीकर, जळते. माहे किती जळाले याचा हिशोबच नाई.

चार्जर लावला की स्पीकरमधून घूंऽऽ आला तं चार्जर आन ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घे. तरीही आला तं चार्जर काढून बॅटरीवर चालव. काही लोक प्लगाचा मधला अर्थिंगचा खिळा मोडून टाकतात, घूं जाते म्हून. तसं कधीच करजो नोको. पावसाचे दिवस आहेत, ओल असते, माणूस चिकटते. वायर जमिनीवर सोडू नोको, विटांवर ठेव.

वावरवाला
२४ ऑगस्ट, रात्री १०:१५

काल झाला तान्हा पोळा. सविस्तर लिहितो, कारण यातला अर्धा कार्यक्रम तुमचा आहे.

सकाळपासून भुरभुर होती. दोन वाजता उघडलं. परवानगीचा कागद खिशात. कर्णा काकांनी सांगितलं तसे स्पीकर शाळेच्या ओट्यावर, लेकरांपासून वीस पावलं मागे, आणि सगळे वायर विटांवर. बोर्ड एकच घेतला तरी घूं आलाच, मग चार्जर काढला. बॅटरी दोन तास पुरते हे आधी मोजून ठेवलं होतं.

लेकरं आली, बैल लागले. सागाचे, आंब्याच्या लाकडाचे, एकाचा तर पुठ्ठ्याचा होता, त्याची शिंगं पावसात वाकली म्हणून ते रडत होतं, त्याच्या मायनं शिंगांत काड्या खोचून दिल्या. पहिला पाऊण तास साधी गाणी लावली, मधे धुमाल. दोनदा जुळणी चुकली. एकदा चुकली ती मलाच कळली, दुसऱ्यांदा सगळ्यांना.

रेकॉर्ड केलेल्या झडत्या लावायचं ठरलं होतं, कारण आजाचे गुडघे दुखतात. पण साडेतीन वाजता आजा स्वतःच आला, नवा टोपी-सदरा घालून, काठी टेकत. म्हणाला, माइक दे.

मी धुमाल समेवर थांबवली. आजाने पहिली झडती म्हटली. पटांगणात फक्त त्याचा आवाज. माझं बोट हॉटक्यूवर. तो थांबला, तीच जागा, तिसऱ्या ओळीनंतरची. रोज रात्री सराव केल्यामुळे आता मला त्याच्या मानेवरून कळते. शेवटचा शब्द पडला, "एक नमन गौरा पार्वती", लेकरं ओरडली "हर बोला हर हर महादेव", आणि त्याच्या पाठीवर धुमालचा उठाव पडला. बरोबर पडला. लेकरं उड्या मारायला लागली. आठ मोजून मी ठेका काढून घेतला आणि आजाने दुसरी सुरू केली.

अशा सात झडत्या झाल्या. पाचव्या झडतीनंतर एक गोष्ट घडली ती मी ठरवलेली नव्हती. सहाव्या वर्गातली एक पोरगी रांगेतून पुढे आली आणि आजाच्या झडतीला झडतीने उत्तर दिलं. तिच्या आजीने शिकवलेली होती म्हणे. तिच्या थांबायच्या जागा मला माहीत नव्हत्या. मी उशिरा पडलो, एक अख्खा ठोका उशिरा. कोणाला काही वाटलं नाही, पण मला रात्री झोप येईपर्यंत तेच दिसत होतं. तिला परत बोलावून दोनदा ऐकणार आहे.

सगळं मिक्स्समधूनच रेकॉर्ड केलं. माइक वेगळा ॲम्प्लिफायरला होता म्हणून आजाचा आवाज त्यात आला नाही, नुसतं धुमाल आणि मधल्या रिकाम्या जागा आहेत. आज सकाळी आजाला ऐकवलं. त्या रिकाम्या जागांत तो मनातल्या मनात झडत्या म्हणत होता, ओठ हलत होते. प्रत्येक वेळी ठेका पडायच्या आत त्याचा शेवटचा शब्द झालेला असायचा.

खंजिरीवाला
२५ ऑगस्ट, सकाळी ६:१०

पुढच्या वर्षी मी येतो. त्या लेकीची झडती लिहून ठेवा, आणि तिच्या आजीचीही रेकॉर्ड करून घ्या. लवकर घ्या.

जुना_कर्णा
२५ ऑगस्ट, सकाळी ९:४५

शाबास रे. पुढच्या वेळेस माइकही साउंडकार्डाच्या इनपुटातून लॅपटॉपमधी घे, म्हणजे रेकॉर्डिंगमधी आजा येईन. फक्त वाजवताना माइक स्पीकरच्या मागं ठेवजो, नाई तं शिट्टी मारते.

भुलाबाईची_सखी
२५ ऑगस्ट, दुपारी ३:२०

वाचताना डोळ्यांत पाणी आलं. भुलाबाई बसायला दोन आठवडे आहेत. आमच्या मंडळात तीन म्हाताऱ्या बायका आहेत, त्यांना सगळी गाणी येतात, पण प्रत्येकीची लय वेगळी. ही बटणावर बोट ठेवून थांबायची पद्धत मला शिकायची आहे. तुम्हाला एखादा रविवार जमेल का? आमच्याकडे स्पीकर आहेत, साउंडकार्ड नाही.

वावरवाला
२५ ऑगस्ट, रात्री ९:५०

ताई, हा रविवार जमते. सकाळच्या बसने निघतो, साउंडकार्ड आणि काकांच्या पद्धतीचं वायर घेऊन येतो. त्या तिघींना फक्त एवढंच सांगून ठेवा की नेहमीसारखं म्हणा. आणि ते ९६ वालं गाणं मला पाठवून द्या, येण्याआधी ऐकून ठेवतो.